रावेरात सनरूफ

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, केळीचे घड उन्हाने करपू नयेत म्हणून पाल्याने झाकावे लागतात, आणि आमच्या रावेरात गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "भाऊ, सनरूफ आहे ना?" क्रेटा की सेल्टॉस, हा वाद थेट सावद्यापर्यंत रंगतो, एअरबॅगा किती, ते विचारायला सवड कोणाला? सेल्समन हुशार. तो वरचं मॉडेल काढतो : डोक्यावर उघडं छत, खाली गार वारा सोडणाऱ्या सीटा.

खरी हौस शोरूमबाहेर फिटते. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच बंद केली. पुढचा लोखंडी गार्ड केंद्राने २०१७मध्ये बेकायदा ठरवला. त्याच्यामुळे एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही. तरी दोन्ही बसतात. वर एमएच १९चा पसंतीचा नंबर, त्याचे पैसे मात्र आरटीओत रीतसर भरून.

सीट कव्हर तपकिरी की काळं, यावर अख्खं घर तासभर खल करतं. ज्या केळीच्या पैशावर ही हौस, त्या जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणे. तिचा भाव मात्र व्यापारी फोनवर सांगतो. त्यात व्हेरिएंट नसतात.