फुटू न दिलेलं भिंग

मुख्याध्यापक सर,


तुम्ही निवृत्त होताना चार्ज देण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी कपाटाशेजारीच उभी होते. जडवस्तू संग्रह नोंदवहीतली एकेक नोंद वाचली जात होती आणि ती वस्तू टेबलावर येत होती. भिंगं ६, सहाच्या सहा हजर. पट्टीचुंबकाच्या जोड्या २. तराजू १. गणितपेट्या २, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेल्या. एकही वस्तू कमी नाही, एकीलाही साधा ओरखडा नाही. सगळ्यांनी तुमच्या चोख कारभाराचं कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला परत घ्यायच्या आहेत, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

अकरा वर्षं मी तुमच्या हाताखाली तिसरीचा वर्ग घेतला. कपाटातलं साहित्य मागायला आले की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं : “बाई, पोरं फोडतील.” खरंच आहे, पोरं फोडतात. भिंग हातातून निसटतं, मापनपात्राला चीर जाते, गणितपेटीतले दशकाचे दांडे बाकाखाली हरवतात. हे साहित्य त्यासाठीच दिलेलं होतं सर. ते जपायला नेमलेले तुम्ही शाळेतले एकटेच नव्हतात, पण किल्ली एकट्या तुमच्या खिशात होती.

एका मुलाची गोष्ट सांगते. ५२ वजा २७, याचं उत्तर तो ३५ लिहायचा. फळ्यावर मी शिकवत होते : दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक दशक उसना घे. तो मान हलवायचा आणि पुन्हा ३५ लिहायचा. लहान संख्या मोठीतून वजा करायची हे त्याला कुणीतरी पक्कं शिकवलं होतं. ते तो इमानानं पाळत होता. खालच्या सातातून वरचे दोन काढत होता. मी गणितपेटी मागितली. तुम्ही म्हणालात, तपासणी होऊ दे, मग बघू.

दुसऱ्या दिवशी मी घरून खराट्याच्या काड्या मोडून आणल्या, सोबत रबरबँड. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, मला २७ दे. दोन गठ्ठे त्यानं लगेच दिले. मग सुट्यांकडे बघत बसला. दोनच होत्या. बराच वेळ गेला. वर्गात गडबड चालली होती, मी गप्प राहिले. मग त्यानं एका गठ्ठ्याचं रबर स्वतःच काढलं. सुट्या बारा झाल्या, त्यातल्या सात त्यानं माझ्या हातावर मोजून ठेवल्या. उरल्या मोजल्या : २५. वही ओढली आणि ३५ खोडलं. खोड असं मी त्याला म्हटलं नव्हतं. ‘उसना घे’ हा फळ्यावर हुकूम असतो. काड्यांत ते दशक आपलंच होतं, बांधून ठेवलेलं होतं, हे त्याच्या बोटांना कळलं.

आणि हे सगळं होत असताना तशाच दशकांच्या दोन पेट्या तीस पावलांवर कुलपात होत्या.

असं साहित्य शाळांना कुलपात ठेवायला दिलेलं नव्हतं. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि सोबत गणित-विज्ञानाचं साहित्य. त्याच्याही आधी, १९७२ साली, मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत मुलं टोळ्या करून स्वतः प्रयोग करू लागली होती. परीक्षेतसुद्धा पुस्तक उघडं आणि प्रयोग हाताने. तिथेच, विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे जोडून आकार बनवायला सुरुवात केली. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. पुलांना आणि छपरांना त्रिकोण का लागतात ते पहिलीतल्या मुलालाही हाताने कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. हे सारं आपल्या एवढ्या जवळ होतं. साहित्य आपल्या गावच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचलं होतं. तिथून वर्गापर्यंतची वाट तेवढी तुमची होती.

तुमची भीती मी जाणते. फुटलेल्या वस्तूची वसुली निघेल, लेखापरीक्षणात आक्षेप येईल. पण निर्लेखन नावाची गोष्ट असते सर. मोडलेल्या वस्तूंची यादी करायची, ठराव मांडायचा, मंजुरी घ्यायची. चार कागदांचं काम आहे. अकरा वर्षांत तुम्ही ते चार कागद वाचवले आणि माझ्या अकरा वर्गांतल्या मुलांनी भिंगाचं चित्र पाठ केलं. हा हिशेब कुठल्याच नोंदवहीत येत नाही, म्हणून इथे मांडला. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आता किल्ली वर्गात खिळ्याला टांगलेली असते. गेल्या बुधवारी पहिलं भिंग फुटलं, चौथीतल्या एका मुलीच्या हातून, मुंगी बघताना. नोंद मीच केली : ‘भिंग १, वापरात फुटले.’ उरलेली पाच मुलांकडे आहेत. तुम्ही गावातच राहता. एखाद्या दुपारी या. मुलं तुम्हाला मुंगीचे पाय मोजून दाखवतील.

आपल्याच शाळेतली,
तिसरीची बाई