सिडको, सहावी स्कीम, टाकीमागे

नाशिकरोडला गाडीतून उतरलेला माणूस नाशिकला पोचलेला नसतो. त्याला अजून आठ-नऊ किलोमीटर जायचं असतं. रेल्वे गावाबाहेरून गेली, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. आता त्या वाटेवर रिक्षा आहेत. घोड्यांना ओझ्याची काही मर्यादा तरी असावी, रिक्षाला ती दिसली नाही. चौथा प्रवासी माझ्या मांडीवर नव्हता, एवढंच.

अण्णांच्या हातात आत्याने फोनवर सांगितलेला पत्ता होता : सिडको, सहावी स्कीम, पाण्याच्या टाकीमागे.

‘‘कुठली टाकी, काका?’’ रिक्षावाला.

‘‘पाण्याची,’’ अण्णा.

यावर तो काय बोलणार? त्याने किक मारली.

वाटेत ‘उपनगर’ नावाचं उपनगर लागतं. बारशाला जमलेली मंडळी नाव सुचेना म्हणून ‘बाळ’च ठेवून जेवायला बसली असावीत. त्या नावाचं रीतसर पोलीस ठाणंही आहे. पुढे द्वारका. तिथे कृष्ण कुठे दिसला नाही, पण रथ मात्र चारी दिशांनी येऊन अडकले होते. मग मुंबई नाका. मुंबई तिथून दीडशेहून जास्त किलोमीटर आणि जकात केव्हाच बंद झालेली, पण शहर नाक्याला वळसा घालून पुढे वाढलं आणि नाका भरवस्तीत राहिला. ‘‘तुमच्याकडे जुनं काही पुसत नाहीत का रे?’’ अण्णांनी विचारलं. ‘‘पुसून काय करता काका? मायको कंपनीची बॉश होऊन किती वर्षं झाली. मायको सर्कलला बॉश सर्कल म्हणून बघा, कोण आणून सोडतंय!’’

सिडको हे मुळात सरकारी महामंडळ. 1970 साली स्थापन झालं, नवी मुंबई उभारायला निघालं आणि नाशकातही आलं. अंबड, कामटवाडे, मोरवाडी अशा गावांच्या जमिनींवर एकामागून एक सहा योजना झाल्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना हप्त्यावर घर मिळालं. पुढे रस्ते, पाणी, दिवे टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे गेले. महामंडळाने हात काढून घेतला, नाव मात्र लोकांनी ठेवून घेतलं. महापालिकेच्या सहा विभागांत या भागाचं नाव ‘नवीन नाशिक’ आहे. ते उच्चारणारा माणूस एक तर कारकून असतो, नाही तर निवडणुकीला उभा असतो.

टाक्या तीन निघाल्या. तिसरीमागे आत्या गॅलरीत उभी होती. मूळ घर बैठं, एका खोलीचं. थोरल्याच्या लग्नात त्यावर मजला चढला, धाकट्याच्या लग्नात दुसरा. आतून जिन्याला जागाच नाही, त्यामुळे लोखंडी जिना बाहेरून, थेट रस्त्यावर उतरणारा. त्याच्या पहिल्या पायरीवर शेजाऱ्यांची स्कूटर टेकलेली असते आणि तिला हलवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. त्यांचा जिना आत्याच्या तुळशीवर उतरतो. त्यामुळे भांडण होत नाही.

चहाबरोबर आत्याने कागदांची पिशवी काढली. घर मिळाल्याच्या पत्रावर सिडको, घरपट्टीवर नवीन नाशिक, जमिनीच्या जुन्या कागदावर गावाचं नाव. घर एकच, जागचं हललेलं नाही.

आतेभावाचा मुलगा रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत आहे, ट्रेनिंगला सोलला राहून आलेला. तो म्हणाला, ‘‘आजोबा, तिथेही अस्संच. वस्तीला ‘दोंग’ म्हणतात. एक दोंग कायद्याचं, जमिनीच्या नोंदीपुरतं. दुसरं कारभाराचं, दाखले काढायला जायचं ते. दोघांच्या हद्दी जुळतीलच असं नाही.’’

‘‘मग पत्ता सापडतो कसा?’’

‘‘2014पासून रस्त्याचं नाव आणि इमारतीचा नंबर, हीच सरकारी पद्धत. आधी प्लॉटचे नंबर होते, तेही ओळीने नव्हते.’’

अण्णांना फार बरं वाटलं. इतका पुढारलेला देश, आणि तरी! त्यांनी दुसरा चहा मागितला.

‘‘दुपारी पडा जरा,’’ आत्या म्हणाली. ‘‘आणि चारला निघा. एवढे लांबून आलाय तर नाशिकला जाऊन या. गंगेवर जा, काळाराम बघा.’’

‘‘अगं, मग आम्ही आलो कुठे?’’

‘‘सिडकोत,’’ आत्या म्हणाली. ‘‘इथून शालिमारची बस मिळते.’’