खेळणाऱ्याची मान

व्हिडिओ गेममधला पूल तुम्ही पोचता नेमका त्याच क्षणी कोसळतो, कारण कोणीतरी तो तसा कोसळवलेला असतो. आमच्या पुण्याच्या स्टुडिओत हे काम माझ्याकडे आहे. वाटेत एक अदृश्य चौकट ठेवायची, तिला ट्रिगर म्हणतात. खेळणारा तिच्यात शिरला की पक्षी उडतात, सायरन वाजतो, पूल पडतो. ट्रिगरबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती खेळणाऱ्याच्या मानेबद्दल.

पूल डावीकडे पडत असतो आणि खेळणारा उजवीकडचं पिंप न्याहाळत असतो. त्याने डावीकडे बघावं म्हणून मी तिकडचा दिवा जास्त उजळ करतो, आधी लोखंड करकरल्याचा आवाज घालतो, तेवढ्या भागात वाट अरुंद करतो. बहुतेकांची मान वळते. उरलेले नेमके त्याच वेळी नकाशा उघडतात. पूल पडून जातो आणि प्लेटेस्टच्या शेरेवहीत ‘इथे काही घडत नाही’ अशी नोंद होते. महिनाभराच्या कामाबद्दल हे वाक्य वाचणं सोपं नाही.

नाटकाचा प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो, तोंड रंगमंचाकडे. आमचा प्रेक्षक रंगमंचावर चढतो, नायिकेच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो आणि उड्या मारतो. मरणारं पात्र शेवटचं बोलत असतं, तेव्हा हा टेबलावर चढलेला असतो. कॅमेरा हिसकावून घेणं माझ्या हातात आहे: खेळणाऱ्याची बटणं बंद केली की तो मुकाट बघेल. पण ते मला करायचं नाही. १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’मध्ये सुरुवातीला ट्रामचा लांबलचक प्रवास आहे. त्यात खेळणारा डब्यात मोकळा फिरतो, हव्या त्या खिडकीतून बघतो आणि बाहेर सगळी प्रयोगशाळा आपापल्या कामात असते. त्यातली निम्मी दृश्यं अनेकांनी पाहिलीच नसतील, तरी ती नीट रचलेली आहेत. हा धंदा त्या खेळाने उभा केला असं मी मानतो. २००४ सालच्या दुसऱ्या भागात स्टेशनवरचा शिपाई खाली पाडलेला डबा उचलून कचऱ्यात टाकायला सांगतो. टाकला तर तो जाऊ देतो, त्याच्याच अंगावर फेकला तर दंडुका घेऊन मागे लागतो. खेळणाऱ्याचा खट्याळपणा तिथे आधीच धरलेला आहे. इतकं स्वच्छ दृश्य माझ्या हातून व्हावं ही माझी खरी इच्छा आहे.

त्याच स्टेशनवरच्या एका दारामुळे मला माझ्या सहकाऱ्यांशी भांडायला बळ मिळतं. २०१३ च्या सुमारास हा खेळ व्हीआरसाठी तयार करताना ते दार उघडेना. आतला पहारेकरी दाराच्या किंचित जास्त जवळ उभा होता, दार त्याच्या पायाच्या बोटाला लागून परत मिटायचं आणि कुलूपबंद व्हायचं. पहारेकरी २००४ पासून तिथेच उभा होता. जुन्या बिल्डमध्ये धक्का बसताच तो अगदी थोडा वळायचा आणि बोट बाजूला व्हायचं. नव्या बिल्डमध्ये दशांशांचा हिशेब किंचित वेगळा होऊ लागला आणि तेवढं वळणं कमी पडलं. पुढची स्क्रिप्ट दार उघडायची वाट बघत राहिली, सगळा खेळ तिथेच थांबला.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी लेव्हलचा आर्टिस्ट ‘दिसायला बरं वाटतं’ म्हणून दार वीतभर सरकवतो आणि कोणालाच सांगत नाही, तेव्हा मला राग येतो. सोमवारी पात्र भिंतीवर चालत राहतं आणि बग माझ्या नावावर येतो. संवाद जर्मनमध्ये रेकॉर्ड होतो, वाक्य लांबतं, आणि इंग्रजीच्या मापाने बसवलेलं दार बोलणं संपायच्या आत उघडतं. तो बगही माझ्याच नावावर. वर ‘एक ट्रिगर तर लावायचाय, पाच मिनिटांचं काम’ हे ऐकावं लागतं. ट्रिगर लावायला पाच मिनिटं पुरतात हे खरं आहे. खेळणारा खिडकीतून आला तर, त्याने मध्येच सेव्ह करून खेळ बंद केला तर, ज्याने बोलायचं त्यालाच आधी गोळी घातली तर, या सगळ्यांची उत्तरं लिहायला आठवडे लागतात.

आता निर्मात्यांना प्रत्येक दृश्यावर ‘वगळा’चं बटण हवं आहे. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ते द्यावं, त्याचा वेळ त्याचा आहे. पहिल्या खेपेला देऊ नये. कोणी काय पाहिलं याची नोंद सेव्ह फाइलमध्ये ठेवली की प्रश्न सुटतो. तशी मागणी मी लेखी दिली आहे आणि प्रोग्रामरने ती पुढच्या बिल्डवर ढकलली आहे.