टेपबहाद्दर

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या मोटारसायकलशेजारी उकिडवा बसून दातांनी वायर सोलणारा गृहस्थ दिसला की येणारेजाणारे हळहळतात, "गाडीचं वय झालं हो." ही हळहळ चुकीच्या पत्त्यावर जाते. गाडीला वय फारसे नडत नाही, नडतो तो या गृहस्थाचा जिव्हाळा. याला टेपबहाद्दर म्हणू. त्याच्या एका खिशात काळ्या इन्सुलेशन टेपची गुंडाळी असते आणि दुसऱ्या खिशात टेस्टर. हा टेस्टर घरातल्या २३० व्होल्टांसाठी बनवलेला. १२ व्होल्टांच्या बॅटरीला लावल्यावर त्यातला दिवा पेटत नाही, पेटणारही नाही. पण 'करंटच येत नाहीये' हे निदान तेवढ्यावर पक्के होते, आणि धडधाकट वायर कापली जाते.

२००१ साली बाजारात आलेल्या पल्सरच्या पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी एखादी आजही अशा पार्किंगात सापडते. तिच्या हेडलाइटमागचा गुंता उलगडून पाहावा. कारखान्यातून निघताना प्रत्येक वायरला ठरलेला रंग होता, जागच्या जागी कपलर होते. पुढे म्युझिकल हॉर्न आला, चोराला घाबरवणारा (आणि मांजर उडी मारून गेले तरी शेजाऱ्यांना उठवणारा) अलार्म आला, मोबाइलचा चार्जर आला. या सगळ्यांनी इग्निशनच्या एकाच वायरीतून वीज घेतली, तीही दिवाळीच्या माळेतून उरलेल्या वायरने, नुसता पीळ देऊन. वैशाखात टेपचा डिंक पाघळतो, मृगात त्या फटीतून पाणी शिरते आणि श्रावणापर्यंत आतले तांबे हिरवे होते. मग फ्यूज उडतो. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला टेकली, असे कोणी समजेल. टेपबहाद्दराच्या मते फ्यूजच तकलादू. तो तिथे तांब्याची जाड तार बसवतो. तेव्हापासून वितळण्याची जबाबदारी अख्ख्या वायरिंगवर येते.

पण त्याचा खरा कस लागतो तो सेल्फपाशी. बटण दाबले की रिले नुसती 'टक्' करते, मोटर फिरत नाही. मदतीला जमलेली मंडळी एकमुखाने म्हणतात, "बॅटरी गेली." हा हॉर्न वाजवून दाखवतो. हॉर्न ठणठणीत, म्हणजे बॅटरीही ठीक आणि वायरिंगही ठीक. तेव्हा मोटरच जळाली! इथे त्याच्यावर अन्याय नको, तर्क वरवर पाहता बिनतोड आहे. फक्त हॉर्नला लागतात फार तर ३ अँपिअर, आणि सेल्फच्या मोटरला ५० धरा. अर्थिंगच्या सांध्यात ०.०५ ओहम एवढाच अडथळा असला, तर हॉर्नच्या वाटचे जेमतेम ०.१५ व्होल्ट तिथे अडतात, मोटरच्या वाटचे अडीच. हॉर्नला त्याचा पत्ताही लागत नाही. मोटर मात्र उपाशी राहते. आणि हा अडथळा आला कुठून? गेल्या दसऱ्याला त्याने हौसेने चासी रंगवून घेतली आणि अर्थिंगचा बोल्ट त्या गुळगुळीत रंगावरच आवळला. रंगातून वीज जात नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून बटण दाबले, तर काट्याने मिनिटभरात चुगली केली असती. पण मल्टिमीटर दोष दाखवतो, आणि तो दोष बहुतेकदा याच्याच हातचा निघतो. म्हणून ते यंत्र या घरात कधी येत नाही.

कोणी म्हणेल, मेकॅनिक तरी कुठे वेगळे करतो? तोही पीळ मारून टेपच गुंडाळतो. खरे आहे, पण मेकॅनिकला संध्याकाळपर्यंत आणखी सहा गाड्या सोडायच्या असतात, त्यामुळे त्याच्या हातून एका गाडीचे नुकसान मर्यादितच होते. टेपबहाद्दराला मात्र वर्षाचे बावन्न रविवार मोकळे असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: वायरी आपोआपही म्हाताऱ्या होतात. होतात तर. हँडल वळते त्या ठिकाणी हजारदा दुमडून आतल्या तारा तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. सेल्फच्या मोटरचे कार्बन झिजतात. रिलेचे पॉइंट जळतात. पण हे आजार ठरल्या जागी होतात आणि ठरल्या खुणा दाखवतात. हँडल डावीकडे वळवल्यावर दिवा गेला, तर कुठे पाहायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. अलार्म लावला की उजवा इंडिकेटर पेटतो, या रोगाचे वर्णन मात्र कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

एवढे होऊनही गाडी सुरू होतेच. नवी बॅटरी आणली जाते, तीही 'टक्' म्हणते, पोरे धक्का मारून दमतात, आणि शेवटी कोणीतरी वैतागून अर्थिंगचा बोल्ट सोडवतो, खालचा रंग पॉलिश पेपरने खरवडतो, पुन्हा आवळतो. सेल्फ पहिल्या दाबाला लागतो. टेपबहाद्दर नव्या बॅटरीची तारीफ करतो. मग त्याची नजर बोल्टाभोवतीच्या त्या खरवडलेल्या, उघड्या पडलेल्या जागेवर जाते, जीव हळहळतो, आणि तो रंगाचा उरलेला डबा आणायला जिना चढू लागतो.