यादीवाले काकाजी

जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळात एक तरी माणूस असा असतो, की त्याच्या सहीशिवाय कोणी मोठं होऊ शकत नाही. बाहेरच्या जगात होता येतं. पद्मश्री मिळते, मंत्रिपद मिळतं. पण स्मरणिकेतल्या ‘आमचे नामवंत’ या पानावर यायचं, तर या माणसाच्या टेबलावरून जावं लागतं. आमच्या शाळेचं हे टेबल नागपूरच्या मनीषनगरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये, दुसऱ्या मजल्यावर आहे. शाळा तिकडे महालात. पण महालातली निम्मी माणसं मुलांच्या मागे लिफ्टवाल्या घरांत आली, तसे हेही आले आणि येताना शाळा घेऊन आले.

काकाजी एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून, निवृत्त झाले. हे त्यांना सांगावं लागत नाही. उभी हयात दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढले, आता दुसऱ्यांच्या कीर्तीवर काढतात. कोणी म्हणालं, अमका अमेरिकेत फार मोठ्या हुद्द्यावर आहे, की यांचा पहिला प्रश्न : ‘व्हाउचर?’ व्हाउचर म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, तारखेसकट. व्हॉट्सॅपवर फिरणारं ते धरत नाहीत. एखाद्याचं नाव पटलंच, तर ‘पॅरा ड्रॉप केला’ म्हणतात, आणि तेवढी दिलदारी केल्याबद्दल स्वतःलाच चहा सांगतात.

मनीषनगरचं रेल्वे फाटक होतं तेव्हा काकाजींचं संशोधन जोरात होतं. फाटक पडलं की मागे रांग लागायची. आधी एक एक्स्प्रेस, तिच्यामागून मालगाडी. लोक चिडायचे, हॉर्न वाजवायचे. काकाजी स्कूटर बंद करून शेजारच्याला विचारायचे, ‘शाळा कोणती? बॅच?’ पुढे उड्डाणपूल आणि भुयारी रस्ता झाला, २०२० साली तो रहदारीला खुला झाला, आणि सारा परिसर सुटलो म्हणाला. काकाजी मात्र अजून हळहळतात. ‘आता कोणी थांबतच नाही बावा. माणूस सापडावा कसा?’

त्यांचा धर्मग्रंथ एकच, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, आणि महाराष्ट्रात आज तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हे ते प्रत्येक सभेत सांगतात. रजिस्टरमधली एक ओळ काय करू शकते, हे सांगायला याहून मोठा दाखला नाही, आणि इथं त्यांच्याशी वाद घालायला मलाही जागा नाही.

वाद होतो तो दाखल आणि खारीज यांच्या मधल्या जागेत. किती वर्षं शिकला म्हणजे आपला? मंडळातल्या एका तरुण सभासदाने ठराव आणला, की दहावी इथून पास झालेलेच धरावेत. काकाजी उभे राहिले. म्हणाले, ‘डॉक्टर हेडगेवारांना नील सिटी हायस्कूलनं वंदे मातरम् म्हटल्याबद्दल काढून टाकलं. मग ते त्या शाळेचे की नाही?’ सभासद म्हणाला, ‘काढलं ना काकाजी!’ ‘काढलं म्हणजे होते! नसते तर काढलं कुठून असतं?’ ठराव पडला.

तेव्हापासून काकाजींच्या निवाड्यांचं पेव फुटलं आहे. आणीबाणीत वडील तुरुंगात गेले म्हणून लहानग्या देवेंद्र फडणवीसांनी इंदिरा कॉन्व्हेंटमध्ये जायला नकार दिला आणि ते सरस्वती विद्यालयात गेले, ही गोष्ट नागपुरात सर्वांना पाठ. काकाजींचा निवाडा असा, की दोन्ही शाळांनी लावावं; शाळा सोडायची तरी ती आधी धरलेली असावी लागते. सचिन तेंडुलकर आधी बांद्र्याच्या शाळेत होता, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शारदाश्रममध्ये गेला, आणि १९८८ साली कांबळीबरोबर ६६४ धावांची भागीदारी तिथल्या खात्यावर जमा झाली. ‘धावा शारदाश्रमच्या, पण पाढे कोणाचे?’ बिल गेट्स शिक्षण अर्धवट सोडून गेला, तरी हार्वर्डने २००७ साली त्याला बोलावून मानद पदवी दिलीच. थोडक्यात, आमच्याकडे सातवीत नापास होऊन गेलेला एक बिल्डर सध्या यादीत आहे. त्याने सभागृहाला पंखे दिले, याचा या निवाड्याशी संबंध नाही, असं काकाजी न विचारता सांगतात.

वयाचाही एक नियम होता : पन्नाशीच्या आत कोणी नामवंत नाही, कारण पन्नाशीपर्यंत माणूस घसरू शकतो. तो नियम २०२५ च्या जुलैत मोडला. दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पोरगी नागपूरची, पण शाळा भवन्स. काकाजींनी दोन दिवस रजिस्टर चाळलं. आडनावं भरपूर निघाली, नातं एकही निघेना.

मुलींच्या बाबतीत तर यादी फारच लंगडी. शंभरेक नावांत बायका मोजक्या. मुली मोठ्या झाल्या नाहीत असं नाही, त्या सापडत नाहीत. रजिस्टरात माहेरचं नाव, कात्रणात सासरचं. कधी कधी पहिलं नावही लग्नात बदललेलं. काकाजींचं सारं ऑडिट इथं थकतं. मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, ‘अहो, ती सुप्रीम कोर्टात वकील आहे ना, ती आपल्या गल्लीतली ठमी. माझ्याच बाकावर होती.’ काकू त्याच शाळेच्या. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी अशी इतकी नावं काढून दिली, की काकाजींनी वही मिटली. ‘हे सगळं तोंडी आहे. याला व्हाउचर काय?’ काकू म्हणाल्या, ‘मीच.’ काकाजींना अजून उत्तर सुचलेलं नाही. नावं ‘अ’ आणि ‘ब’ या याद्यांत नाहीत, ‘विचाराधीन’ या तिसऱ्या यादीत पडून आहेत. काकूंना वगळून हे काम चाललंय हीच मुळात चूक आहे, पण मंडळात हे बोलायची माझी छाती नाही.

दिवंगत मंडळी काकाजींना फार सोयीची वाटतात. ती फोटो बदलून मागत नाहीत, शेजारी कोणाचा फोटो आहे ते विचारत नाहीत. जिवंतांचं तसं नसतं. एक साहेब निलंबित झाले, त्यांना ‘अ’मधून ‘ब’त आणलं, चौकशीत सुटले, परत ‘अ’त नेलं, तेवढ्यात प्रूफं दोनदा बदलली. शाळेचा महोत्सव तोंडावर आला, स्मरणिकेसाठी छापखान्यातून रोज फोन. काल मी तिथंच बसलो होतो. पलीकडचा पोरगा काकुळतीला येऊन म्हणत होता, ‘काकाजी, आता फायनल करून टाका, मशीन थांबून राहिली.’

‘पान चौदावर एक चौकट रिकामी ठेव,’ काकाजी म्हणाले. ‘आपल्या वॉर्डातून तिघं उभे आहेत, तिघंही आपल्याच शाळेचे. मतमोजणी होऊ दे.’