चार क्रेडिटचं राजकारण

पूर्वी बी.ए.ला टीवायचे सहाच्या सहा पेपर राज्यशास्त्राचे घेतले की माणूस राज्यशास्त्राचा पदवीधर होत असे. हिशेब सुटसुटीत होता. नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत आलं आणि आता तीन वर्षांत 132 क्रेडिट जमवायचे: मेजरचे, मायनरचे, कौशल्याचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही प्राध्यापक मंडळी हा तक्ता पालकांना समजावत बसतो. आमच्या भिवंडीतल्या पद्मानगरच्या एका लूमवाल्या गृहस्थांनी तो अगदी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे सर, पण मुलगी शिकणार काय?"

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा, हा नियम मात्र मला मनापासून आवडतो. आमची पोरं तिकडे म्युच्युअल फंड शिकायला जातात आणि कॉमर्सची पोरं इकडे राज्यघटना. राष्ट्रपती राजवट शिकवताना "मग सर, त्या काळात जीएसटी कोणाला भरायचा?" असा प्रश्न कलाशाखेत आजवर कुणी विचारला नव्हता.

खरी पंचाईत ऑन जॉब ट्रेनिंगची. चार क्रेडिट, म्हणजे 120 तास. बँकिंगची पोरं पतपेढीत जातील, राज्यशास्त्राची कुठे धाडायची? विभागाच्या बैठकीत नगरसेवकांच्या ऑफिसचं नाव निघालं. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "तिथे 120 तासांत पोरं इतकं शिकतील की आपली गरजच उरणार नाही." चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मॅडमचं बोलणं थट्टेचं असलं तरी खोटं नव्हतं. एका शहराचं राजकारणही शिकण्याजोगं असतं: अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी न्यू हेवन या एकाच शहराची सत्ता कोण चालवतं ते शोधलं, 1961 मध्ये पुस्तक काढलं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या मागे न्यू हेवन लागलं. त्यांनी भिवंडी-निजामपूर महानगरपालिका पाहिली असती तर दुसरा खंड नक्की लिहिला असता. 90 जागांच्या या पालिकेत 2017 साली काँग्रेसचे 47 नगरसेवक निवडून आले, म्हणजे स्पष्ट बहुमत. डिसेंबर 2019 च्या महापौर निवडणुकीत त्यातल्या 18 जणांनी पलीकडे मत दिलं आणि अवघे चार नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. 49 विरुद्ध 41.

हे मी वर्गात सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकांवरचे मोबाइल आपोआप खिशात गेले. गोदामातली रात्रपाळी करून येणारा एक मुलगा आहे; गळ्यातली कंपनीच्या ओळखपत्राची पट्टीसुद्धा काढायची राहिलेली असते. एरवी त्याचा एकच प्रश्न: "सर, हे कंपल्सरी आहे का?" त्या दिवशी म्हणाला, "पण सर, पक्षांतरबंदी होती ना? दहावी अनुसूची?" मला कोण आनंद झाला! दहावी अनुसूची खासदार-आमदारांपुरती. नगरसेवकांसाठी महाराष्ट्राचा 1986 चा वेगळा कायदा आहे, आणि तो आमच्या वर्गात तोवर कुणी उच्चारलाही नव्हता. मीसुद्धा नाही, कारण परीक्षेत येत नाही.

नव्या आराखड्यात हे सगळं कुठे बसवावं यावर मी बराच खल केला. मेजरमध्ये जागा नाही. फील्ड प्रोजेक्टमध्ये बसतं, पण तिथे दोनच क्रेडिट. तरी बसवलंच, आणि सोबत राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर यांचा आघाड्यांचा सिद्धांत जोडला: जिंकायला लागतात तेवढेच गडी जमवावेत, जास्त जमवले की लुटीचे वाटेकरी वाढतात. फळ्यावर मांडून दाखवलं, 90 पैकी 46 पुरेसे होते. मग 49 का?

"सर," ओळखपत्रवाला म्हणाला, "तीन स्पेअरमधे. ऐनवेळी कुणी फिरलं तर?"

रायकरांना हे कळवायला हवं होतं. पोराला मी दोन्ही क्रेडिट देऊन टाकले.