टाकीचं काम निघालंय
एअरबीएनबीवर बुकिंगच्या विनंतीला 24 तासांत उत्तर दिलं नाही, की यजमानाचा प्रतिसाद-दर घसरतो. तो 90 टक्क्यांखाली गेला, की ‘सुपरहोस्ट’चं बिरुद धोक्यात. म्हणून नकोशा पाहुण्याला ‘पाण्याच्या टाकीचं काम निघालंय हो’ असं गोड कळवायचं. त्यानेच विनंती मागे घेतली, की यजमानाची पाटी कोरी! घर ज्याचं, त्याला निवडीचा हक्क नको का? हवाच, रात्रभर स्पीकर लावणारं टोळकं कोणाला हवंय? पण 2016 साली कंपनीला भेदभावविरोधी धोरण आणावं लागलं ते टोळक्यांपायी नव्हे, कृष्णवर्णीय अमेरिकनांना मिळणाऱ्या नकारांपायी. 2018 साली पाहुण्याचा फोटो बुकिंग पक्कं होईपर्यंत झाकायचं ठरलं. नाव झाकायला आणखी काही वर्षं गेली, तेही फक्त ओरेगन राज्यातल्या रहिवाशांपुरतं, आणि कोर्टातल्या तडजोडीनंतर.